फोटोवर बोलण्याआधी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, ‘सर, ज्ञानमीमांसा सोडून एकदम हौशी फोटोग्राफी?’ मी त्याला म्हटलं, अरे, विषय तोच आहे. एखादी गोष्ट दिसणं, ती दिसली असं म्हणणं, आणि दुसऱ्यालाही ती दिसेल असं बोलणं, या तीन गोष्टींतलं अंतर मी तीस-बत्तीस वर्षं वर्गात शिकवलं. निवृत्तीनंतर हातात कॅमेरा आला, लोकांच्या फोटोंवर बोलायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की शिकवलं खरं, पण मला स्वतःला ते जमत नाही. आजचं बोलणं त्या न जमण्याबद्दल आहे.

आमच्या गावात पंधरा-वीस हौशी मंडळी आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमतो. अट एकच, फोटो कागदावर छापून आणायचा. चार बाय सहाची प्रिंट असली तरी चालते. पोहे होतात, चहा होतो, प्रिंट हातोहात फिरते आणि प्रत्येक जण अभिप्राय देतो. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकांनी असाच एक फोटो आणला. हे गृहस्थ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना मी आज नुसतं मिस्त्री म्हणतो. फोटो आठवडी बाजारातला. गोणपाटावर बसलेली एक भाजीवाली, पुढे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, चेहऱ्यावर बाजूनं येणारं सकाळचं ऊन. उत्तम चेहरा. फक्त डाव्या कडेनं एक हात आत आलेला, मनगटाशी तुटलेला, जरा धूसर.

माझी पाळी आली. मी वडीलकीच्या सुरात म्हटलं, ‘मिस्त्री, हा हात मध्येच येतोय. नजर उगाच तिकडे जाते. एवढा भाग काढून टाका, मग चेहरा कसा खुलतो बघा.’ आणि खिशातलं बॉलपेन काढून त्यांच्या प्रिंटवर एक उभी रेघ मारली. इथून कापा. पुढच्या महिन्यात त्यांनी तसा कापलेला फोटो मोठा करून आणला. सगळे ‘वा!’ म्हणाले. मलाही बरं वाटलं. या रेघेकडे मी शेवटी परत येणार आहे. ती लक्षात ठेवा.

आता जरा शब्दांकडे वळू. संस्कृतात ‘ईक्ष्’ असा धातू आहे. ईक्ष् म्हणजे बघणं. त्याला वेगवेगळे उपसर्ग लागून आपल्या रोजच्या बोलण्यातले कितीतरी शब्द झाले आहेत. उपेक्षा, परीक्षा, अपेक्षा, समीक्षा. सगळे बघण्याचेच प्रकार. मला असं दिसतं की हौशी फोटोंवर आपण जे बोलतो त्यातलं बहुतेक बोलणं पहिल्या तिघांत संपतं. चौथ्यापर्यंत आपण पोचतच नाही.

पहिली उपेक्षा. म्हणजे बघूनही न बघितल्यासारखं करणं. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे उपेक्षा करतो, आम्ही तर ‘छान’ म्हणतो. पण ‘छान’ हे बहुतेक वेळा उपेक्षेचं सभ्य रूप असतं. मोबाइलवर आलेला फोटो अर्धा सेकंद बघायचा आणि अंगठा दाबायचा. हा अभिप्राय फोटो न बघताही देता येतो, आणि देणारा-घेणारा दोघांनाही ते ठाऊक असतं. यात वाईट हेतू नसतो. शेजारणीनं वाटीतून भाजी पाठवली तर आपण ‘छान झाली होती’ म्हणतोच, तो आपला लोकाचार आहे आणि तो असावा. पण शेजारीण उद्या विचारायला लागली की ‘मीठ बेताचं होतं का हो?’, तर तिथे लोकाचार संपतो. तिला आता उत्तर हवं आहे. ज्याला खरोखर शिकायचं आहे त्याला ‘छान’ म्हणणं म्हणजे दारातूनच परत पाठवणं.

दुसरी परीक्षा. इथे माणूस फोटो बघतो, पण हातात तक्ता घेऊन बघतो. क्षितिज सरळ आहे का? विषय मधोमध तर नाही ना? नजरेसमोर जागा सोडली आहे का? दहापैकी सहा. या तक्त्यातला सगळ्यांत लाडका नियम म्हणजे तृतीयांशांचा. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करा आणि विषय त्या रेघांवर ठेवा. या नियमाचं नाव १७९७ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात सापडतं. लेखक जॉन थॉमस स्मिथ, चित्रकार आणि कोरक्या. बोलत होता निसर्गचित्रांतल्या प्रमाणांबद्दल. फोटोग्राफी जगापुढे यायला अजून चाळीसेक वर्षं होती. नियम टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. नवशिक्याला विषय सवयीनं मधोमध ठेवण्यापासून तो वाचवतो. पण एका चित्रकाराची निसर्गचित्रासाठीची सूचना आज माझ्या नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोला नापास करत असेल, तर कुठेतरी गफलत झाली आहे.

तिसरी अपेक्षा. ‘मी असतो तर खाली बसून काढला असता.’ ‘पाऊस पडल्यावर जायला हवं होतंत.’ म्हणजे समोरचा फोटो बाजूला राहिला, माझ्या मनातल्या, न काढलेल्या फोटोची स्तुती चालू झाली. आम्हा प्राध्यापकांचा हा जुना आजार आहे. विद्यार्थ्यानं जो प्रबंध लिहिला त्यावर बोलायचं सोडून, आपण कसा लिहिला असता यावर आम्ही तासभर बोलू शकतो.

आणि चौथी समीक्षा. सम्यक ईक्षण. नीट, पुरतं बघणं. या शब्दात निकालाचा कुठे मागमूस नाही, फक्त बघणं आहे. आपण मात्र समीक्षा म्हणजे निकाल असं धरून चाललो आहोत.

हे नुसतं शब्दांवरून सांगून चालणार नाही. फोटोग्राफीच्या इतिहासातला एक दाखला घेऊ. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५, कलकत्ता. १८६३ च्या डिसेंबरात, इंग्लंडात वाइट बेटावर राहत असताना, लेकीनं आणि जावयानं तिला कॅमेरा भेट दिला. वय अठ्ठेचाळीस. म्हणजे ही बाई आपल्यातलीच, उशिरा सुरुवात केलेली, स्वतःच्या हातानं शिकलेली. तिनं कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. तेव्हा काचेवर ओलं रसायन पसरून, ती काच ओली आहे तोवर फोटो काढून धुवावा लागे. तिच्यासमोर बसणाऱ्याला कधीकधी काही मिनिटं निश्चल राहावं लागायचं. तिचे चेहरे मऊ, धूसर येत. लेन्स फिरवता फिरवता चेहरा जिथे तिला सुंदर दिसेल तिथे ती थांबे. सगळे जिथे थांबत त्या काटेकोर फोकसपर्यंत ती जात नसे.

तिच्या कामावरचे दोन अभिप्राय बघा. पहिला १८६५ चा, लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या नियतकालिकातला. त्याचा आशय असा की, बाईंचं धाडस आणि वेगळेपण मान्य, पण त्यासाठी फोटोग्राफीचे बाकीचे सगळे गुण त्यांनी खर्ची घातले आहेत, फोटो फोकसमध्ये नाहीत. दुसरा १८६६ चा, सर जॉन हर्शेल यांचा. हे मोठे शास्त्रज्ञ. फोटो कागदावर टिकवण्यासाठी ज्याला आपण हायपो म्हणतो त्याचा गुण त्यांनीच दाखवून दिला. कॅमेरॉनशी त्यांचा जुना स्नेह. तिनं एका तरुणीच्या चेहऱ्याचा फोटो त्यांना पाठवला. मोकळे केस, चेहरा सरळ आपल्याकडे. तिनं त्याला स्वातंत्र्याची पर्वतदेवता अशा अर्थाचं नाव दिलं होतं. हर्शेलनी लिहिलं त्याचा आशय असा की, हा चेहरा जिवंत आहे, कागदातून मान बाहेर काढून हवेत आल्यासारखा वाटतो. आणि जाता जाता असंही लिहिलं की ही जरा बावरलेली दिसते, नुकतीच बंधनातून सुटावी आणि हे सुख टिकेल की नाही अशी धास्ती वाटावी, तशी.

आता यावरून ‘टीकाकार मूर्ख, कलावंत थोर’ असा सोपा धडा काढू नका. लंडनच्या मंडळींनी पाहिलं ते खोटं नव्हतं. फोटो धूसर होतेच, काचेवर डाग-ओरखडेही असत. त्यांची चूक पुढच्या पायरीवर झाली. ‘धूसर आहे’ यावरून ‘म्हणून वाईट आहे’ इथे त्यांनी उडी मारली, आणि ती उडी मारायला त्यांना फोटोकडे पुन्हा बघायची गरज पडली नाही. नियम आधीच तयार होता. हर्शेलचं काय झालं? त्यांनीही एक उणीव म्हणता येईल अशी गोष्ट सांगितली, की ती बावरलेली आहे. पण ती वाचल्यावर तुम्ही काय करता? फोटो परत बघता. डोळे बघता. खरंच, धास्ती आहे का त्यात? दोन अभिप्रायांत एक कडू आणि एक गोड, एवढाच फरक असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. एका वाक्यानं बघणं संपतं आणि दुसऱ्यानं ते सुरू होतं, हा खरा फरक आहे.

याची तात्त्विक बाजू थोडक्यात सांगतो. कांटनं १७९० साली आपल्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मध्ये मांडलं की सौंदर्याच्या निर्णयाला नियमाची सक्ती चालत नाही. अमुक नियमात बसतं म्हणून हे सुंदर मान, असं मी तुम्हाला भाग पाडू शकत नाही, ज्यानं त्यानं स्वतःच अनुभवायला लागतं. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ च्या ग्रंथात कांटची सविस्तर चर्चा आहे. मग प्रश्न येतो, नियमानं सिद्ध करता येत नाही तर समीक्षक कारणं कशाला देतो? आर्नल्ड आयझेनबर्ग नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९४९ च्या एका निबंधात याचं जे उत्तर दिलं ते मला फार उपयोगी पडलं. माझ्या शब्दांत सांगायचं तर, समीक्षकाचं कारण पुराव्यासारखं नसतंच. ते वाट दाखवणाऱ्या बोटासारखं असतं. ते बोट तुमचे डोळे कलाकृतीत एका जागी नेतं. तिथे गेल्यावर तुम्हाला दिसलं तर संवाद झाला. नाही दिसलं तर मी कितीही हुज्जत घातली तरी काही उपयोग नाही.

यावरून मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवली आहे. माझं वाक्य संपल्यावर समोरचा माणूस कुठे बघतो? फोटोकडे की माझ्याकडे? माझ्याकडे बघत असेल तर मी निकाल दिला आहे, आणि तो बिचारा पास की नापास ते माझ्या चेहऱ्यावर शोधतोय. तो फोटोकडे वळला, त्यानं तो जरा जवळ धरला, तर मी काहीतरी दाखवलं. पुढच्या वेळी करून बघा. आमच्या रविवारच्या बैठकीत मी बरेच महिने मुकाट्यानं हेच मोजत होतो. माझी बहुतेक वाक्यं माझ्याकडेच परत यायची.

आता कुणी विचारेल, ‘मग काय, चुका सांगायच्याच नाहीत? सगळंच ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर सोडायचं?’ नाही. फोटोग्राफीत एक मोठा भाग निव्वळ कार्यकारणाचा आहे आणि तिथे सरळ सांगावं. खिडकीसमोर बसवलेल्या माणसाचा चेहरा काळा का आला? कॅमेऱ्यानं मागचा लख्ख उजेड धरून हिशेब केला म्हणून. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, चेहरा उजळेल. फोटो हलला का? पन्नास मिलिमीटरची लेन्स हातात धरून काढताना शटर साधारण एक पन्नासांश सेकंदापेक्षा मंद नसावं, दोनशेची असेल तर एक दोनशेअंशापेक्षा. हा ढोबळ हिशेब आहे, पण तो पडताळून बघता येतो. इथे लाजायचं कारण नाही. फक्त एक प्रश्न आधी विचारायचा, ‘हे असं हवं होतं का?’ तो ‘नाही हो, हलला’ म्हणाला तर उपाय सांगा. ‘हो’ म्हणाला तर तुमचा उपाय खिशात ठेवा आणि पुन्हा बघा. लंडनच्या मंडळींनी हा प्रश्न विचारला नाही.

आता घेणाऱ्याची बाजू. आपण फोटो दाखवताना आधी त्याची कुंडली सांगतो. ‘पहाटे चारला उठलो, गड चढलो, तीन तास बसलो.’ कष्टांबद्दल आदर आहे, पण ती चढण फोटोत उतरलेली नाही, आणि ऐकणाऱ्याला आता मोकळेपणानं बोलता येत नाही. तुमच्या घामावर कोण टीका करणार? तेव्हा फोटो ठेवा आणि गप्प बसा. लोकांना आधी काय दिसतं ते ऐका. मग हवा तर एक नेमका प्रश्न विचारा. ‘कसा वाटला?’ असं विचारलंत तर ‘छान’च मिळणार. ‘तुमची नजर आधी कुठे गेली?’ असं विचारलंत तर उत्तर मिळेल.

मला मिळालेला सगळ्यांत चांगला अभिप्राय माझ्या नातीचा. वय तेव्हा अकरा. मी घाटातल्या धुक्याचा फोटो दाखवला. मोठ्या लोकांनी वाहवा केली होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘आबा, तुम्ही गाडीतून उतरला नव्हतात ना?’ मी उडालो. खरंच उतरलो नव्हतो. काच खाली करून काढला होता. फोटोत सगळं होतं, धुकं, वळण, झाडं, फक्त मी तिथे नव्हतो. तिनं चांगला की वाईट हे सांगितलंच नाही. मी कुठे होतो ते तिला दिसलं.

आणि एक मर्यादा. काही फोटो समीक्षेसाठी नसतात. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकानं १९८० साली फोटोग्राफीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात आपल्या आईच्या लहानपणीच्या एका फोटोबद्दल तो पानंच्या पानं लिहितो, पण तो फोटो पुस्तकात छापत नाही. कारण आपल्या दृष्टीनं तो नुसता एका मुलीचा जुना फोटो ठरला असता. तेव्हा कुणी घरच्या माणसाचा फोटो पुढे केला तर आधी विचारावं, हा फोटो कुणासाठी आहे? त्यांना प्रकाशाबद्दल ऐकायचं आहे, की त्या माणसाबद्दल बोलायचं आहे? हे न ओळखता ‘पार्श्वभूमी गजबजलेली आहे’ म्हणणं हे अडाणीपणाचं आहे, मग बोलणारा कितीही तज्ज्ञ असो.

तर आता ती रेघ. रेघ मारलेली प्रिंट त्या दिवशी माझ्याकडेच राहिली होती. वर्षभरानं टेबलाचा खण आवरताना सापडली. दरम्यान मिस्त्रींचे फोटो पुष्कळ सुधारले होते, म्हणजे आम्ही तसं म्हणत होतो. स्वच्छ, नेटके, एक चेहरा आणि मागे धूसर. मला मात्र त्यांत काहीतरी हरवल्यासारखं वाटायला लागलं होतं. काय, ते सांगता येत नव्हतं. खणातली प्रिंट मी भिंगाखाली धरली आणि पहिल्यांदा तो हात बघितला. हातात घडी घातलेली नोट होती. बाईची नजर त्या नोटेवर होती, ओठ जरासे आवळलेले. ती हिशेब करत होती, देऊ का नको देऊ. मी हात कापला तेव्हा तिच्या नजरेसमोरची नोट गेली आणि नजर शून्यात गेली. आम्ही सगळ्यांनी ज्याला ‘वा, काय विचारमग्न चेहरा!’ म्हटलं तो चेहरा माझ्या पेननं तयार केला होता. एका व्यवहारी बाईला मी बिचारी करून टाकलं होतं. आपल्याला गरिबांचे चेहरे असेच आवडतात, हे त्यातलं आणखी कडू सत्य.

मी मिस्त्रींना फोन केला. ते जरा घुटमळले आणि म्हणाले, ‘सर, तो हात आमच्या हिचा आहे. दर बुधवारी तिथंच भाजी घेते. फोटोत यायला लाजते, म्हणून म्हटलं हात तरी येऊ दे.’ मी म्हटलं, ‘अहो, मग तेव्हाच बोलला का नाहीत?’ ते म्हणाले, ‘तुम्ही पेन काढलंत ना, सर.’

यावर मला बोलायला काही सुचलं नाही. मूळ फाईल विचारली तर तीही गेलेली. कापलेला फोटो त्यांनी त्याच नावानं सेव्ह केला होता. म्हणून घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की सल्ला जरूर ऐका, करूनही बघा, पण मूळ फोटो जपून ठेवा आणि आपलं म्हणणं एकदा तरी बोलून दाखवा. आणि देणाऱ्यांना, विशेषतः माझ्यासारख्या ज्यांना लोक ‘सर’ म्हणतात त्यांना, सांगणं असं की तुमचं म्हणणं समोरच्याला पटलंय की तुमच्या वयापुढे तो गप्प बसलाय, हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. पेन खिशात राहू द्या.

उरली होती ती एकच प्रिंट, माझ्या रेघेसकट. मिस्त्री म्हणाले, ‘ती रेघ काढून मिळाली तर बघा. ही विचारते, माझ्या हाताशेजारी ही रेघ कसली?’ मग मी प्रिंट स्कॅन करून रेघ पुसून घेतली, जवळजवळ गेली. एक प्रत मिस्त्रींच्या घरी दिली आणि एक घेऊन आम्ही दोघं त्या भाजीवाल्या मावशींकडे गेलो. त्यांनी हात पुसले, फोटो घेतला, नीट बघितला आणि म्हणाल्या, ‘जुडी पंधराची होती. ह्या दहा देत होत्या.’

सगळ्यांची परवानगी घेऊन तो फोटो आज इथे आणला आहे. आता तो पडद्यावर येईल. दोन मिनिटं मी काही बोलणार नाही, तुम्ही बघा. प्रश्न त्यानंतर घेऊ.